किल्ट नेसून शिकारीला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा सावंतवाडीकडचा, आता स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये स्थायिक. हंगामात शनिवारी एका इस्टेटवर ग्राउस पक्ष्यांच्या हाक्याला जातो. झेंडा फडकवत हेदरच्या झुडपांतून रांगेने चालायचं आणि पक्षी बंदूकवाल्यांकडे उठवायचे, एवढंच काम. एकदा किल्टमधला फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून प्रश्न येतायत: भावंडांचे, मित्रांचे, मित्रांच्या मित्रांचे, इकडे फिरायला येणाऱ्या अनोळखी मंडळींचे. तीच ती उत्तरं लिहून बोटं दुखली, म्हणून सगळी इथे एकत्र केली आहेत.

१. किल्ट म्हणजे पुरुषांचा स्कर्टच ना? की आपल्या लुंगीसारखं काही?

नातं जोडायचंच तर नऊवारीशी जोडा. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे सुमारे ७.३ मीटर, नऊवारीपेक्षा एकच वार कमी. कापड लोकरीचं आणि चौकड्यांचं; त्या चौकड्यांना टार्टन म्हणतात. मागच्या बाजूला निऱ्या पक्क्या शिवलेल्या असतात आणि पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. वरचा पदर उजव्या कमरेशी बकलने बंद होतो. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत, वजन जाड कापडाचं असेल तर दोन किलोंच्या आसपास.

हा झाला धाकटा किल्ट. त्याच्या आधीचा थोरला किल्ट शिवलेला नसे. कापड जमिनीवर पसरायचं, मधल्या भागाच्या निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं, कमरेला पट्टा आवळायचा आणि उठायचं. उरलेलं कापड खांद्यावर टाकायचं. पावसात ते डोक्यावर घ्यायचं, रात्री तेच पांघरूण. थोरला नेसायचा आणि धाकटा घालायचा, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे. शीर्षकात तो मोडलाय, कारण आई फोनवर "आज नेसलास का ते?" असंच विचारते.

२. तिकडचे शिकारी खरंच किल्ट घालून जातात का, की हे फक्त फोटोपुरतं?

बहुतेक जण घालत नाहीत. किल्ट दिसतो लग्नात, बँडमध्ये, ब्रेमार गावच्या हायलँड खेळांमध्ये. डोंगरावर हरणामागे जाणारा माणूस ट्वीडची, गुडघ्याखाली बांधलेली आखूड विजार घालतो. तिला इथे 'ब्रीक्स' म्हणतात. गेली दीडशेहून अधिक वर्षं डोंगरावरचा गणवेश हाच आहे. अनेक इस्टेटींचं स्वतःचं ट्वीड असतं, तिथल्या जमिनीच्या रंगांवरून विणून घेतलेलं: कुठे सुकलेल्या ब्रॅकन नेच्याचा तांबूस, कुठे ग्रॅनाइटचा राखाडी. ग्लेनफेशीचं ट्वीड त्यातलं सगळ्यात जुनं मानतात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. इस्टेटचे नोकर वर्षाला त्या कापडाचा सूट घेतात आणि तो चिखलात लोळवून वापरतात.

तरी किल्ट घालणारे आहेत. काही जुने जमीनदार, काही हौशी, आणि माझ्यासारखे एकदोन आगंतुक. कोणी हसत नाही. पण दिवसभरात तो कसा वागवता याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

३. मग पूर्वी तरी किल्ट हा शिकाऱ्यांचा पोशाख होता का?

हो, कारण डोंगरातल्या माणसाचा रोजचा पोशाखच तो होता. शिकारीसाठी वेगळे कपडे ही श्रीमंतांची नंतरची चैन. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे हरणांचा मोठा हाका होत असे. शेकडो माणसं पहाटेपासून डोंगर वेढत आणि कळप दरीत उतरवत. १६१८ साली जॉन टेलर नावाचा लंडनचा एक नावाडी कवी खिशात दमडी न घेता पायी स्कॉटलंडला आला आणि ब्रेमारला अर्ल ऑफ मारच्या शिकारीत सामील झाला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे येणाऱ्याने, मग तो कितीही मोठा असो, तिथलाच वेश करायचा. चौकड्यांचे मोजे, ते बांधायला गवताचे वेढे, खांद्यावर प्लेड, म्हणजे चौकड्यांची घोंगडी. पुष्कळांनी आणि त्यांच्या वाडवडिलांनी विजार कधी घातलेलीच नव्हती, हेही तो सांगतो. पाहुण्याने तो वेश नाकारला तर डोंगरातली मंडळी शिकारीला यायला आणि कुत्रे आणायला नाखूष होत. मला ही नोंद फार आवडते. यजमानाचा वेश करणं हे तिथे शिकारीचं भाडं होतं.

पुढे १७४६ साली जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडाचा मोड झाल्यावर हायलँडमधली शस्त्रं आणि हायलँडचा पोशाख, दोन्हींवर एकाच कायद्याने बंदी आली. पोशाखाच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सैन्यातल्यांना मात्र सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये. तोवर एक पिढी विजारीत वाढली होती. नंतर किल्ट परत आला तो सणासुदीचा कपडा होऊन: १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा, आणि १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने बाल्मोरल विकत घेतल्यावर तर फारच. राणीचा गिली जॉन ब्राउन किल्टमध्येच वावरायचा. गिली म्हणजे शिकारीतला सोबती-मदतनीस.

४. 'हंटिंग टार्टन' म्हणून जे विकतात ते शिकारीसाठीच असतं ना?

नाव तसं आहे, पण ते फार मनावर घेऊ नका. ज्या घराण्यांचं मूळ टार्टन भडक लाल किंवा पिवळं, त्यांनी त्याची हिरवी-निळी-तपकिरी आवृत्ती काढली आणि तिला हंटिंग म्हटलं. पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्यांची आणि दुकानदारांची देणगी आहे. लग्नात नेसायची पैठणी आणि शेतात नेसायचं इरकल यातला जो फरक, साधारण तोच.

रंग मात्र खरंच उपयोगी आहेत, हरणासाठी कमी आणि चिखलासाठी जास्त. हरणाचं काय ते प्रश्न ७ मध्ये.

५. आम्ही कुलकर्णी. आम्हाला कुठलं टार्टन घालायचा हक्क आहे?

कुठलंही. कायद्याने जवळजवळ काहीच आडकाठी नाही. रिवाजाने अडतं ते एक बाल्मोरल टार्टन. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने आखलेलं, राखाडीवर काळ्या-लाल रेघांचं. ते राजघराण्याचं आणि राजाच्या खास बॅगपाइपवाल्याचं. बाकी कुळाशी संबंध नसलेल्यांसाठी 'ब्लॅक वॉच' आणि 'हंटिंग स्टुअर्ट' ही दोन खुली मानतात, आणि दोन्ही डोंगरावर शोभतात. माझा ब्लॅक वॉचचा आहे. तो इतका गडद आहे की चहाचे, पीटचे (दलदलीतल्या काळ्या, कुजक्या मातीचे) आणि रक्ताचे, कुठलेच डाग त्यावर दिसत नाहीत.

एक विनंती: भाड्याचा किल्ट डोंगरावर नेऊ नका. लग्नासाठी आणलेला एकाने नेला होता. अनामत रक्कम गेली, आणि वर दुकानदाराची नजर सोसावी लागली ती वेगळीच.

६. कोणत्या प्रकारच्या शिकारीला किल्ट चालतो आणि कोणत्या नाही?

हा खरा कामाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

जिथे चालायचं आणि उभं राहायचं आहे तिथे किल्ट उत्तम. मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी असो, कुत्र्याला पुढे घालून ग्राउस उठवत चालणं असो, किंवा माझा हाका असो. मांड्या मोकळ्या असतात, चढावर विजार गुडघ्याला ओढत नाही, घाम साठत नाही. गुडघ्याएवढ्या हेदरमधून दिवसभर चालल्यावर विजारवाल्यांचे पाय ओल्या कापडात जखडलेले असतात. किल्टवाल्याच्या पायांवर नुसते ओरखडे. ग्राउसचा हंगाम १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात किल्ट सुखाचा. नोव्हेंबरात तुमची हाडं तुम्हाला माहीत.

जिथे सरपटायचं आहे तिथे किल्ट नको. रेड डियरची शिकार इथे 'स्टॉकिंग' करून होते. आपल्या सांबराचाच हा भाऊबंद. दुर्बिणीने कळप हेरायचा, वारा तोंडावर घेत तासन्‌तास वळसा घालायचा, आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर पोटावर. पोटावर म्हणजे खरोखर पोटावर, पीटच्या काळ्या पाण्यातून. त्यात किल्टचा पुढचा पदर चिखल ओरबाडत येतो, मागच्या निऱ्या वर सरकतात, आणि मागून येणाऱ्या स्टॉकरला (इस्टेटच्या वाटाड्या-शिकाऱ्याला) जे दृश्य दिसतं ते त्याने मागितलेलं नसतं. शिवाय उठलेली निरी वाऱ्याने हलली की हरणाला हालचाल दिसते. मी एकदाच करून पाहिलं. स्टॉकर काही बोलला नाही. पुढच्या वेळी आपल्या जुन्या ब्रीक्स घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवल्या.

हाक्याच्या मोठ्या, निमंत्रितांच्या शिकारीत बंदूकवाला म्हणून जाणार असाल तर यजमानाला आधी विचारा. तिथे ट्वीड आणि टाय असा शिरस्ता असतो. बहुधा "हो, या की" म्हणतील, पण विचारलेलं त्यांना आवडतं.

७. लाल चौकड्या हरणाला लांबून दिसणार नाहीत का?

लाल म्हणून दिसणार नाहीत. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. लाल-नारिंगी त्याला मळकट दिसतो. निळा मात्र चांगला दिसतो, अतिनील प्रकाशही काहीसा दिसतो. त्यामुळे लाल टार्टनपेक्षा 'शुभ्रतेची चमक' देणाऱ्या साबणाने धुतलेला मोजा जास्त घातक. त्या पावडरीतली चमकद्रव्यं अतिनील प्रकाशात उजळतात. चौकड्यांनी माणसाची बाह्यरेषा फुटते, हा उलट फायदाच. लोकर आवाजही करत नाही, प्लॅस्टिकच्या रेनकोटासारखी खसखसत नाही.

हरीण तुम्हाला पकडतं ते हालचालीने आणि वासाने. पाठीवरून वारा असेल तर टार्टन कुठलं घातलंय याने काही फरक पडत नाही.

८. दादा, राग मानू नका, पण आत काय घालायचं?

राग कसला, दर दोन प्रश्नांमागे एक हाच असतो. लग्नात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. डोंगरावर आत घाला: गडद रंगाची, मांडीपर्यंतची, घट्ट बसणारी चड्डी. सायकलवाल्यांची चालते, लोकरीची असेल तर सोन्याहून पिवळं. हरणं अडवायची जाळीची कुंपणं इथे पुरुषभर उंच असतात, त्यावरून शिडीने चढायचं असतं आणि खाली माणसं उभी असतात. दुसरं कारण प्रश्न ९ मध्ये आहे. ते वाचल्यावर तुम्ही स्वतःहून दोन घालाल.

९. उघड्या पायांना गोचीड लागत नाहीत?

लागतात. किल्टच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

हायलँड्समध्ये हरीण तिथे गोचीड. ब्रॅकन नावाचा जो उंच नेचा डोंगरउतारावर माजतो, त्याच्या आणि गवताच्या टोकांवर ती वाट बघत बसतात. आपल्याकडे गुरांच्या कानात दिसतात तशी टपोरी नसतात. पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढं. ते पायावरून वर चढतं आणि मऊ, उबदार जागा शोधतं. गुडघ्याची मागची खळगी, जांघ, कमरेचा पट्टा. किल्टने त्याला राजमार्गच करून दिलेला असतो. त्यातल्या काहींच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. तो जिवाणूंचा आजार आहे आणि वेळेवर प्रतिजैविकं घेतली तर बरा होतो. दुर्लक्ष केलं तर सांधे आणि नसा धरतो.

मी काय करतो ते सांगतो. मोजे आणि गेटर (पोटरीवर चढवायचं कापडी आवरण) यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध आदल्या दिवशी मारून वाळवतो. ओलं असताना ते मांजरांना विषारी असतं, आणि ओढ्यातल्या माशांनाही. दुपारच्या डब्याच्या वेळी एकदा पाय तपासतो. घरी आल्यावर किल्ट बाहेरच झटकतो, अंघोळ करतो आणि आरसा घेऊन सगळ्या खळग्या बघतो. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडायची आणि सरळ ओढायची. तेल, रॉकेल, चुना, पेटती काडी यांतलं काही नको. त्याने ती आणखी थुंकते. नंतर तीन महिन्यांपर्यंत, विशेषतः पहिल्या चार आठवड्यांत, त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गाठायचं आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगायचं.

आमच्या सिंधुदुर्गातल्या लोकांना हे वेगळं समजावावं लागत नाही. २०१६ पासून तिथे माकडतापाने काजूच्या बागांत जाणाऱ्यांची झोप उडवली. तोही गोचिडीमुळेच पसरतो. रोग वेगळा, जंतू वेगळा, पण संध्याकाळी अंग तपासायची सवय तीच.

१०. आणि ते 'मिज' म्हणतात ते काय? डास?

डास नव्हे, आपली चिलटं. पण चावणारी, आणि ढगाने येणारी. मे ते सप्टेंबर त्यांचं राज्य. चावते फक्त मादी, पण माद्या हजारो असतात. ताशी दहा-अकरा किलोमीटरपेक्षा जास्त वारा सुटला की त्यांना उडता येत नाही. म्हणून इथे लोक वारा सुटला की खूश होतात. किल्टमध्ये निवाऱ्याच्या जागी स्तब्ध उभं राहण्याची वेळ आली तर गुडघ्यांना औषध चोपडा आणि चालत राहा.

११. थंडी-पावसात पाय गारठत नाहीत?

कमरेपासून मांडीपर्यंत अजिबात नाही. आठ वार लोकर पाठीमागे आहे, उकाडा होतो म्हणा हवं तर. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. गारठतात ते गुडघे, आणि त्यांना दोन-तीन आठवड्यांत सवय होते.

त्रास वेगळाच आहे. किल्ट पूर्ण भिजला की त्याचं वजन वाढतं आणि खालची कड दर पावलाला गुडघ्यामागे घासते. पहिल्या महायुद्धातल्या हायलँडर पलटणींचं हे रोजचं दुखणं होतं. खंदकातल्या चिखलाने कड ताठ व्हायची, गोठायची आणि कातडी कापायची. निऱ्यांत उवा व्हायच्या त्या निराळ्याच. त्यांनी वापरलेला एक उपाय आजही चालतो: पुढच्या बाजूला खाकी कापडाचं आवरण बांधायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापासून सैन्यात ते होतं. मी मेणकापडाचं शिवून घेतलंय.

मादी हरणांची शिकार २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असते. बर्फात, तासन्‌तास निश्चल. तिथे किल्ट घालून गेलात तर ते शौर्य नाही, आणि तुम्हाला खाली उतरवायला इतरांना दिवस घालवावा लागतो.

१२. पायात काय? ते दोऱ्यांचे बूट चालतील?

दोऱ्या पोटरीवर गुंडाळायचे ते गिली ब्रोग नाचायला ठेवा. घोटा धरणारे चामडी बूट, जाड लोकरी मोजे गुडघ्याखाली दुमडलेले, आणि वरून कॅनव्हासचे गेटर. गेटरमुळे हेदरचे ओरखडे आणि गोचीड दोन्ही निम्म्यावर येतात. मोज्यांवर लाल फितीचे झुपके लावतात ते घरी काढून ठेवा, कुंपणात अडकतात.

१३. कमरेची ती केसाळ पिशवी काडतुसांसाठी असते का?

नाही. तिला स्पोरन म्हणतात. किल्टला खिसा नसतो म्हणून ती. केसाळ असते ती समारंभाची. डोंगरावर साधी चामड्याची घ्या. तिच्यात किल्ली, चिमटा, डबीतलं मलम, बिस्किटं. काडतुसं खांद्याच्या पिशवीत किंवा पट्ट्यात. स्पोरनची साखळी किणकिणते, तेव्हा चामड्याचा पट्टा लावा, आणि वाकायची वेळ आली की ती बाजूला, कमरेवर सरकवा. किल्टच्या पदराची मोठी पिन चमकते, तीही काढा. ती कधी लावलीत तरी फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदरांतून टोचली की पहिल्याच बसण्यात कापड फाटतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१४. मोज्यातला सुरा कायदेशीर आहे का?

त्याचं नाव स्किअन डू. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी पातं बाळगायला १९९५ च्या कायद्याने बंदी आहे. तीन इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू तेवढा सुटतो. पण त्याच कायद्यात बचावाची कारणं दिली आहेत: कामासाठी, धार्मिक कारणासाठी आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. म्हणजे शिखांचं कृपाण आणि स्कॉटांचा स्किअन डू एकाच कलमाच्या आधाराने उभे आहेत. पूर्ण पोशाखात असाल तर ठीक. जीन्स घालून बारमध्ये तोच सुरा खिशात सापडला तर हा बचाव टिकणार नाही. विमानात तो केबिनच्या बॅगेत न्यायचा नाही, हे सांगायला नको. तरी दरवर्षी कुणीतरी नेतंच.

हरीण साफ करायला तो तोकडा पडतो. त्यासाठी स्टॉकरकडे वेगळा सुरा असतो, आणि पहिल्या वेळी ते काम त्यालाच करू द्या.

१५. झोपून नेम धरताना मागून किल्ट उडाला तर?

पोटावर झोपताना दोन्ही हात मागे नेऊन निऱ्या मांड्यांखाली दाबून घ्यायच्या, जसं लुंगीवाला ओट्यावर बसताना करतो. दोन-चारदा केलं की आपोआप होतं. गुडघा टेकून नेम धरताना पुढचा पदर दोन्ही पायांच्या मधे पाडायचा. कासोटा घालता येत नाही, हे मान्य करून टाका.

उन्हाचं मात्र विसरू नका. ११ डिसेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत मॅगर्सफाँटेनच्या लढाईत हायलँड ब्रिगेडचे सैनिक बोअरांच्या गोळीबारामुळे दिवसभर पालथे पडून राहिले, आणि गुडघ्यांच्या मागची त्यांची कातडी उन्हाने भाजून फोड आले. रेंजवर तासभर पालथं पडायचं असेल तर तिथेही मलम लावा.

१६. बायकांनी किल्ट घालून शिकारीला जाणं चालतं का?

जातात. बायकांसाठी किल्टसारखा निऱ्यांचा स्कर्ट असतो, त्याचा पदर सहसा उलट्या बाजूला उघडतो. पण इथल्या ज्या बायका नियमित हाक्याला किंवा स्टॉकिंगला येतात त्या सगळ्या ब्रीक्समध्ये असतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, स्कर्टमधून सुटायला शंभर वर्षं लागली, आता परत कशाला.

१७. चिखल-रक्त लागलेला किल्ट धुवायचा कसा?

मशीनमध्ये नाही. आधी वाळू द्या, मग ब्रशने झाडा; निम्मा चिखल तसाच पडतो. कुसळं एकेक करून वेचा, दुसरा मार्ग नाही. रक्ताला गार पाणी, लगेच. गरम पाण्याने ते कायमचं बसतं. भिजलेला किल्ट हीटरवर टाकू नका, कमरपट्ट्याला चिमटे लावून उभा टांगा. ड्रायक्लीनला देण्याआधी निऱ्यांना खालपर्यंत कच्चा टाका घाला, नाहीतर निऱ्या परत बसवताना शिंप्याचं बिल किल्टच्या किमतीशी स्पर्धा करतं.

हंगाम संपला की नीट स्वच्छ करूनच ठेवा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी लागते. माझ्याकडे आईने पाठवलेला सुका कडुनिंब आहे. उपयोग होतो की नाही सांगता येत नाही, पण कपाट उघडलं की वाडीतल्या लाकडी पेटीचा वास येतो.

१८. मी अमेरिकेत असतो. तिथे शिकारीला नारिंगी घालावं लागतं. नारिंगी किल्ट घेतला तर भागेल?

भागणार नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे, पण मोजतात ते वरच्या अंगाचं. कोलोराडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी लागतं, आणि डोक्यावरही. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच. कमरेखाली तुम्ही काय घालता याच्याशी वनखात्याला कर्तव्य नाही, त्यामुळे किल्ट हवा तो घाला आणि वर जाकीट घाला. तिकडे जाड सुती कापडाचे, बाजूला खिसे असलेले कामकऱ्यांचे किल्ट मिळतात. हेदर नसलेल्या रानात ते बरे. कृत्रिम धाग्याचा असेल तर मात्र जपून: बंदुकीतून उडालेलं गरम काडतूस निऱ्यांत पडलं तर लोकर वितळत नाही, पॉलिएस्टर वितळतं.

१९. सुट्टीत स्कॉटलंडला येतोय. परवाना नसताना शिकार करता येईल? तिकडे कुठेही फिरायचा हक्क आहे म्हणे.

फिरायचा आहे, २००३ च्या कायद्याने. पण त्याच कायद्याने शिकार, नेमबाजी आणि मासेमारी त्या हक्कातून वगळली आहे. शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी लागतेच. स्वतःची बंदूक आणायची तर पोलिसांकडून पाहुण्यांचा परवाना आधी काढावा लागतो, आणि त्यासाठी इथला कोणीतरी प्रायोजक लागतो. सोपा मार्ग म्हणजे इस्टेटवर दिवस ठरवणं: त्यांची रायफल, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली. त्यासाठी वय किमान १७ लागतं. आधी लक्ष्यावर दोन-तीन गोळ्या मारायला लावतात. तिथे नेम चुकला तर डोंगरावर नेत नाहीत. नर हरणांचा बंद काळ २०२३ मध्ये उठवला असला तरी पाहुण्यांसाठी अजूनही ऑगस्ट ते २० ऑक्टोबर हाच खरा हंगाम. रविवारी ग्राउसवर बंदूक चालवत नाहीत, हा रिवाज आहे. रविवारचं तिकीट काढून येऊ नका. कपडे कुठले ते प्रश्न ६ मध्ये सांगितलंय.

२०. आपल्या गावी, सह्याद्रीत, किल्ट घालून रानडुकराच्या शिकारीला जाता येईल का?

किल्ट घालून जाता येईल, शिकारीला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबद्दलसुद्धा वनखात्याच्या रीतसर परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ती परवानगी शेतकऱ्याच्या नुकसानीसाठी असते, तुमच्या हौसेसाठी नाही. चुलत्याची जुनी ठासणीची बंदूक माळ्यावर आहे, असंही काहींनी कळवलंय. तिचा परवाना आधी बघा.

आणि करवंदीच्या जाळीत किल्ट? मी मे महिन्यात गावी घालून पाहिला, फक्त घरापासून काजूच्या बागेपर्यंत. उकाड्याने जीव गेला, दोन निऱ्या काट्यांत अडकल्या, आणि वाटेत भेटलेल्या आजींनी विचारलं, "अरे, बायलेचा परकर कित्याक नेसलंस?" इंग्रजांच्या काळात किल्टवाल्या गोऱ्या पलटणींना हिंदुस्थानात 'घागरा पलटण' म्हणत. त्यांनाही हाच प्रश्न कुणीतरी विचारला असणार.